कोरम भरला त्या गुरुवारी

पिंपळे गुरवच्या गावठाणातल्या त्या वाचनालयाच्या दारावर पाटी होती : ‘शांतता राखा. चपला बाहेर काढा. सभासद नसलेल्यांनी आत येऊ नये.’ पूनम देवकर तिथे ग्रंथपाल म्हणून लागली, तेव्हा तिसरं वाक्य लिहिणाऱ्याला एकदा भेटायलाच हवं असं तिला वाटलं. त्यासाठी लांब जावं लागलं नाही. कार्यवाह मधुसूदनकाका समोरच्याच खुर्चीत बसले होते.

काका निवृत्त इंजिनीअर. माणूस वाईट म्हणावा असा नव्हता. पुस्तकांवर त्यांचा फार जीव होता. इतका, की ती कुणी घरी नेऊच नयेत असं त्यांना मनापासून वाटायचं. नवं पुस्तक आलं की त्याला खाकी कव्हर घालायचं, शिक्के मारायचे आणि काचेच्या कपाटात कुलूपबंद करायचं. वाचक मिळत नाहीत म्हणून रडायचं ते वेगळंच.

आणि वाचक मिळणार कसे? वाचनालय गुरुवारी बंद. भोसरी-चाकणच्या कंपन्यांची सुट्टी कधी, तर तीही गुरुवारी! ज्या एका दिवशी कामगाराला पुस्तकाची आठवण यावी, नेमकं त्याच दिवशी दाराला कुलूप. वार बदला, असं पूनमने तीनदा लेखी दिलं. तिन्ही वेळा उत्तर एकच : “पहिल्यापासून गुरुवारच आहे.” पहिल्यापासून तर इथे ज्वारीही होती. ती राहिली का?

पूनम याच गावची सून, बोलायला फटकळ. दार उघडत नाही तर खिडकी उघडू, म्हणून तिने स्वतःच्या मोबाईलवर ग्रुप काढला. कुणाला कुठलं पुस्तक हवं ते तिथे कळवायचं. पूनम ते नाशिक फाट्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे ठेवायची, कारण कंपनीच्या बसगाड्या तिथेच थांबतात. शिफ्टवरून उतरला की माणूस पुस्तक घेऊन घरी. शिवाय रोज दुपारी ती एखाद्या पुस्तकाची दोन-चार पानं मोठ्याने वाचून त्याचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायची. वाचनालयात वर्षानुवर्षं फिरकले नव्हते तेवढे लोक दोन महिन्यांत ग्रुपवर जमले.

एका संध्याकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, मनगटाला पीठ तसंच. ती सोजराबाई. बीडकडची. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची.

“सभासद आहात?” काकांनी उंबऱ्यावरच अडवलं.

“न्हाई. पुस्तक वाचून दावत्यात त्या ताईला भेटायचंय.”

पूनम उठून बाहेर गेली. सोजराबाई म्हणाली, “ताई, मला वाचता येत न्हाई बगा. पण आमी साताठ बाया चपात्या लाटताना फोन मदी ठिवून तुमचं ऐकतो. ती शिकलेली बाई घर सोडून निगती, तितं तर माझं लाटणंच थांबलं. ते पुस्तक येकदा हातात घ्यावं वाटतंय.”

आतून काकांचा आवाज आला, “गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता!”

हळू बोलावं एवढीही तसदी त्यांनी घेतली नाही. पूनमच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात पुस्तकासाठी एक काम थांबवलं नसेल, त्याने हातातलं लाटणं थांबलेल्या बाईला गाढव म्हणावं? तिने तिथल्या तिथे सभासदत्वाचा अर्ज काढला. नियमात ‘ओळखीचा पुरावा’ एवढंच होतं. तिने सोजराबाईच्या कंपनीचा गेटपास जोडला, अंगठा घेतला आणि पुस्तक हातात दिलं. नंतर तशाच पुराव्यावर एकसष्ट जण सभासद झाले. सोजराबाई दर आठवड्याला ऐकलेलं पुस्तक न्यायला येत राहिली. काका दर आठवड्याला “काय काम आहे?” असं विचारून तिला दारात उभं करत राहिले. आठ महिने हेच चाललं.

मग काकांनी ठराव आणला : स्वतःचं घर किंवा भाडेकरार नसलेल्यांचं सभासदत्व रद्द. कारण काय, तर ‘फिरस्त्या लोकांकडून ग्रंथसंपदेस धोका’. आठ महिन्यांत एक पुस्तक हरवलं नव्हतं. आणि करार नाही तो कुणामुळे? खोल्या बांधणारे आपण, भाडं घेणारे आपण, करार न करणारेही आपण, आणि करार नाही म्हणून हाकलणारेही आपणच! पूनमच्या सासऱ्यांच्याही चार खोल्या होत्या. करार एकाही भाडेकरूशी नव्हता. संतापाच्या जोडीला शरमही होती ती यामुळे.

ठराव वार्षिक सभेत मंजूर व्हायचा होता, आणि ती सभा म्हणजे एक गंमतच होती. नियमाने कोरम तीस सभासदांचा. यायचे सहा. मग कोरमअभावी सभा तहकूब करायची, अर्धा तास गप्पा मारायच्या आणि त्याच जागी, त्याच सहा जणांनी पुन्हा बसायचं. या दुसऱ्या सभेला कोरम लागत नाही. सहा हात वर झाले की सगळं मंजूर. सभेचा वार गुरुवार, कारण त्या दिवशी हॉल मोकळा.

“नोटीस नेहमीसारखी लाव,” काका म्हणाले. नेहमीसारखी म्हणजे आतल्या फळ्यावर, कपाटाआड. पूनमने ती तिथे लावली. शिवाय नियमात ‘प्रत्येक सभासदास कळवावे’ असं होतं, म्हणून नोटिशीचा फोटो ग्रुपवरही टाकला.

गुरुवारी अकराच्या ठोक्याला जिना माणसांनी भरला. कंपनीचे टी-शर्ट, कडेवर पोरं, खुर्च्या संपल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या बाया. अध्यक्ष लक्ष्मणराव जुने गावकरी. त्यांच्याच जागेत वाचनालय होतं. ते चक्रावले. “आरं, येवढी मानसं? लगीनबिगीन हाय का कुनाचं?”

काका सवयीने उठले. “कोरमअभावी सभा...” आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. समोर सत्तर माणसं होती.

टेबलावर इतिवृत्ताची वही उघडी होती. पूनमची नजर गेली. आजची तारीख, खाली काकांचं वळणदार अक्षर. तिने वही उचलली. ती मोठ्याने वाचू लागली. “‘कोरमअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात आली. सभासदत्व रद्द करण्याचा ठराव साधकबाधक चर्चेनंतर सर्वानुमते मंजूर झाला. चहापानानंतर सभा संपली.’ काका, चर्चासुद्धा उरकली तुम्ही? चहासुद्धा प्यायलात?”

“अगं, कच्चा मसुदा आहे तो!”

“शिक्क्यासकट?”

हॉलमध्ये गलका झाला. काकांनी आवाज चढवला. “हे पाहा, वाचनालय वाचणाऱ्यांसाठी असतं! ज्यांना सहीसुद्धा येत नाही, त्यांनी इथे मतं देऊ नयेत.”

भिंतीजवळून सोजराबाई पुढे आली. “सायेब, आमच्या कॅन्टीनात रोज हजार मानूस जेवतंय. तुला चपाती लाटता येती का, असं आमी कुनाला इचारत न्हाई. भूक हाय का, येवढंच बगतो.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि हॉल दणाणला.

“काय येत न्हाई म्हनता? तिला बोलता येतंय की चांगलं,” लक्ष्मणराव म्हणाले. “हात वर करा रं.”

ठरावाच्या बाजूने पाच हात. विरुद्ध मोजायची गरज उरली नाही. लगेच सोजराबाईने दुसरी गोष्ट मांडली : गुरुवारी वाचनालय उघडं ठेवा आणि सुट्टी दुसऱ्या वारी घ्या. पुन्हा हात वर झाले. या वेळी लक्ष्मणरावांचाही.

इतिवृत्त लिहायचं काम कार्यवाहाचं. काकांनी लिहिलेल्या पानावर आडवी रेघ मारली आणि नवं पान घेतलं. ‘सूचक’ एवढं लिहून पेन थांबलं. ते पूनमकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “या बाईंचं नाव काय गं?”

आठ महिने! दर आठवड्याला दारात अडवलं, आणि नाव माहीत नाही. पूनमच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. तिने ते गिळलं.

“त्या समोर उभ्या आहेत. त्यांनाच विचारा.”

काकांनी मान वर केली. चष्मा सावरला. “आपलं नाव?”

“सोजराबाई गंगाधर शेळके,” तिने सांगितलं. आणि लिहिताना चुकायला नको, म्हणून पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.