भरलेली वही

हॉस्पिटलात आईच्या डाव्या हाताला पट्टा आवळून एक शिकाऊ मुलगी सलाईनसाठी शीर शोधत होती. सुई दोनदा चुकली होती आणि हातावर निळा डाग उठला होता. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती ती. मी तडकलोच. "कॉलेजात शिकवतात तरी काय तुम्हाला?"

मान खाली घालूनच ती म्हणाली, "आमच्या कॉलेजच्या हॉस्पिटलात पेशंटच नसतात, सर. एक प्लॅस्टिकचा हात आहे, तोही फाटलाय."

तिची नोंदवही खाटेवरच पडली होती. मी उघडली. सलाईन लावणे : वीस वेळा. शिक्षकाच्या रकान्यात वीस सह्या, एकाच पेनाने, एका दमात ठोकलेल्या. ही वही दाखवून ती परीक्षेला बसणार, मग तिची नोंदणी होणार, आणि मग ती कुणाच्याही शिरेत सुई घालायला मोकळी. माझा राग तिच्यावरून उठला आणि त्या सह्यांवर जाऊन बसला. ज्याने कुणी त्या केल्या, त्याला याच खाटेवर झोपवावं आणि हिच्या हवाली करावं.

आईने उजवा हात पुढे केला. "घे बाई, याच्यावर शिक. त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस, तो लहानपणी सुई पाहूनच पळायचा."

या वेळी सुई बरोबर शिरली. मुलीने घाम पुसला आणि वही उघडली. माणसाला लावलेलं तिचं हे पहिलं सलाईन होतं. ते लिहायला पानावर एकही ओळ रिकामी नव्हती.