इंग्रजी खेड्यातल्या आसरा

चाकणच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी आमचं शेत होतं, तिथे आता इंग्लंडमधलं खेडं आहे. आत जायला तिकीट लागतं. फायबरची दगडी घरं, प्लास्टिकच्या गवताचं छप्पर, विजेवर फिरणारी पवनचक्की आणि लाल टेलिफोनचा डबा, ज्यात टेलिफोन नाही. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय की इथे अस्सल इंग्लिश ग्रामीण जीवनाचा अनुभव मिळेल. अस्सल मराठी ग्रामीण जीवनाचा अनुभव आम्ही तिथे पिढ्यान्पिढ्या फुकट घेतला आणि त्याचा फोटो काढायला कुणी फिरकलं नाही.

त्या जागेची मला किळस आहे, हे आधीच सांगून टाकते. तरी मी गेले, कारण आईचं तिथे एक काम अडलं होतं.

आमच्या शेतात एक झरा होता आणि झऱ्याकाठी शेंदूर लावलेले सात दगड. साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया. घरात मूल जन्मलं की त्या दगडांपाशी जाऊन ओटी भरायची, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, आणि ते होईपर्यंत बाळाला नदी ओलांडू द्यायची नाही, ही आमच्या घरची रीत. नाहीतर आसरा मूल ओढून नेतात. भावाला मुलगी झाली. आई त्याच्याकडेच राहते, मोशीच्या फ्लॅटमध्ये, आणि मी समोरच्या इमारतीत. पोरगी रांगायला लागली, तिला दात आले, पण तिने इंद्रायणीचा पूल काही पाहिला नाही.

वहिनीचं माहेर पुलापलीकडे, चाकणला. बाळंतपण पिंपरीच्या दवाखान्यात झालं आणि माहेरी जाणं राहून गेलं. तिच्या वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलेलं. त्यांनी नात फक्त फोनवर पाहिली होती, तीही बहुतेक वेळा उलटी. वहिनीने आधी विनवण्या केल्या, मग भांडली, मग अबोला धरला. इथेच नदीकाठी ओटी भरून टाका, असं भावाने सुचवून पाहिलं.

"माझ्या सासूचं लुगडं शेजारणीला दिलं तर चालंल व्हय?" आई म्हणाली. भाऊ पुन्हा त्या विषयात पडला नाही.

आई शेतापर्यंत जाऊन गेटवरून परतही आली होती. तिकिटाला पैसे नव्हते असं नाही. आपल्याच झऱ्यावर तिकीट काढून जायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना.

चुलत्यांनी शेत विकलं तेव्हा या दगडांचा विषय कुणीच काढला नव्हता. विसरले म्हणून नव्हे. आमच्याकडे सौदा चालू असताना आसरांचं नाव तोंडातून काढत नाहीत, पैशाच्या बोलण्यात त्यांना ओढलं की त्या कोपतात. घेणाऱ्याला बांध दाखवले, आंबे दाखवले, आणि झऱ्यापाशी सगळे अदबीने गप्प उभे राहिले. त्याला ते नुसते सात दगड दिसले. जमिनीबरोबर दगडही गेले. देवाला मान देण्याच्या नादात देव विकणारं घर आमचंच असावं.

यंदा माझ्या कंपनीने फॅमिली डे नेमका त्या इंग्रजी खेड्यात ठेवला. मी आईला सांगितलं, पास कंपनीचा आहे. "म्हंजी तिकीट मी काढलं न्हाई," ती म्हणाली आणि दही विरजायला उठली.

गेटवरचा गार्ड मराठवाड्याकडचा होता. त्याने पिशवी उघडली आणि दहीभाताचा डबा बाहेर काढला. "मावशी, बाहेरचं खायचं आत नेता येत नाही बगा. कॅमेरा हाय वर."

"आन् ह्ये तांदूळ?"

"ते कच्चे हायेत. कच्च्याचं काई सांगितलं नाही आमाला."

तांदूळ, खण, नारळ आणि कुंकवाचा करंडा एवढं आत आलं. दहीभात गेटवर, कुणाच्या तरी बर्गरशेजारी ठेवला गेला.

आत गेलो. 'मेंढीला मिठी मारा' असा एक खेळ होता. आमच्याच डोंगरातल्या काळ्या मेंढ्या शांपूने धुऊन, गळ्यात गुलाबी फीत बांधून उभ्या केलेल्या. "खरूज झालीया हिला," आई एका मेंढीकडे बघून म्हणाली, आणि तेवढ्यात आमच्या अकाउंट्सच्या बाईने तिच्याच गालाला गाल लावला. तळ्यात हंसाच्या होड्या होत्या. पाणी हिरवंगार, त्याला गटाराचा वास, वर कुरकुऱ्यांची पाकिटं आणि अर्धा खाल्लेला वडापाव तरंगतोय, आणि माझे सहकारी लाइफ जॅकेट घालून रांगेत. पुढे 'नेचर वॉक' होता. लहानपणी सकाळी आम्ही हातात टमरेल घेऊन ज्या पायवाटेने जायचो, ती ही. कोट घातलेला गाइड सगळ्यांना तिथे दीर्घ श्वास घ्यायला सांगत होता. मी नाक दाबून पुढे गेले.

झरा कुठे गेला ते लगेच कळेना. मग आई एका गोल दगडी कठड्यापाशी थांबली. त्यावर कौलारू छप्पर, एक बादली, आणि 'विशिंग वेल' अशी पाटी. लोक इच्छा मनात धरून आत नाणी टाकत होते. कठड्याभोवती बसायला दगड मांडले होते. शेंदूर खरवडून वर चकचकीत पॉलिश मारलेलं. एकाचा कोपरा तुटका होता, त्यावरून आईने ओळखले. एकावर पावभाजीची प्लेट होती, एकावर कुणाचे तरी बूट, आणि एकावर आमच्या स्टोअरमधल्या माणसाची बायको बाळाचा डायपर बदलत होती.

माझं डोकं सणकलं. मी पुढे झाले तर आईने हात धरला.

"तिला बोलू नगं. लेकराचा कसला विटाळ धरायचा? बूट तेवढं उचल."

तिने प्लेट बाजूला ठेवली, पदराने सगळे दगड पुसले, कुंकू लावलं, मधल्या दगडापुढे खण पसरला आणि त्यावर ओंजळीने तांदूळ घातले. नारळ हातात घेतला. इतक्यात वॉकीटॉकी घेतलेला मॅनेजर धावत आला. हा आता हाकलणार, असं मला वाटलं आणि मी भांडायला पदर खोचला. हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

"एक मिनिट मावशी," तो खूश होऊन म्हणाला. "नारळ जरा वर धरा. मागे पवनचक्की येऊ दे."

त्याने फोटो काढला. मग माइकवाल्याला खूण केली आणि भोंग्यातून आवाज आला, सर्व लेडीजनी विशिंग वेलकडे यावं, व्हिलेज ब्लेसिंग सुरू आहे. बायका आल्या. बघता बघता रांग लागली. एकीने मला विचारलं, हे पॅकेजमध्ये आहे की वेगळं? मॅनेजर माझ्या कानाशी लागला. "ताई, आईंना दर रविवारी पाठवाल का? गाडी पाठवू. नऊवारी आम्ही देऊ."

"ती नऊवारीतच आहे," मी म्हणाले.

"ही नको. जरा ब्राइट हवी."

आईने हे ऐकलं. नारळ पिशवीत टाकला. खणावरचे तांदूळ एकही दाणा न सांडता परत पिशवीत भरले, खणाची घडी केली, आणि पदर घेऊन दगडांना लावलेलं कुंकू पुसायला लागली. सातही दगड पुसले. रांगेतल्या बायका बावचळून बघत राहिल्या.

"चल," ती मला म्हणाली. "त्या हितं न्हाईत. कवाच उठून गेल्यात."

"कुठे?"

"मला काय सांगून गेल्या?"

परत येताना बसमध्ये सगळे अंताक्षरी खेळत होते. आई पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. दहीभाताचा डबा गेटवरच राहिला. आठवण मला झाली होती, पण परत जायची इच्छा नव्हती.

घरी आल्यावर तिने वहिनीला पाटावर बसवलं. वहिनी कामातून उठून, कोरडा चेहरा करून बसली. आईने तिला कुंकू लावलं आणि तोच खण, तेच तांदूळ, तोच नारळ तिच्या पदरात घातला.

"सकाळी बापाकडं जा. लेकरू दाखीव त्यांना."

"तिकडची ओटी भरली ना, आई?" वहिनीने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती आईशी सरळ बोलत होती.

"न्हाई."

"मग?"

"भ्यायला तिथं कुणी उरलं न्हाई."

ज्यासाठी वहिनीने घर डोक्यावर घेतलं होतं ते तिच्या पदरात पडलं होतं, आणि ती पदर तसाच धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आपण अजून थोडं थांबूया का?"

"कुणासाठी?" आई म्हणाली आणि आत निघून गेली.

सकाळी रिक्षा केली. मला कंपनीत त्याच बाजूला जायचं होतं. आईही निघाली, नातीला स्वतःच्या मांडीवर घेऊन. पुलावर गाड्या तुंबल्या होत्या आणि रिक्षा बरोबर मध्यावर थांबली. खाली इंद्रायणीवर कारखान्यांच्या सांडपाण्याचा पांढरा फेस साचला होता, या काठापासून त्या काठापर्यंत. वहिनीने डोळे मिटून घेतले होते. आईने झटकन पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं.

मला राहवलं नाही. "आता कुणाला भितेस?" मी विचारलं.

"भीत न्हाई," आई म्हणाली. "वास बघ की."