तात्यारावांची पवनचक्की

पेडगावच्या तात्यारावांनी जन्मभर शाळेत कारकुनी केली आणि जन्मभर दुसऱ्याचं ऐकलं. निवृत्त झाल्यावर मात्र माणूस असा ताठला की सोय नाही. स्लॅबवर लोखंडी खांब रोवून छोटी पवनचक्की बसवली आणि दारात जुनी इलेक्ट्रिक कार आणून उभी केली. आषाढातला वारा तो, आठवड्यात कार भरली. तेवढ्यावर यांनी हॉटेलात चारचौघांत शपथ घेतली, "घरातल्या लायटीचं वायर या गाडीला लावणार न्हाई."

लोकांची फुकटात करमणूक झाली. समोरचा दत्तराव रोज विचारायचा, "काय तात्या, आज किती वारं भरलं?" तात्याराव हसायचे आणि घरात येऊन बायकोवर, छबूबाईवर डाफरायचे.

खंडेनवमीला त्यांनी चक्कीची पूजा केली. पाती नाड्यानं बांधली, झेंडूचा हार घातला. पुजलेलं हत्यार दसरा सरेपर्यंत चालवायचं नाही, ही घरची रीत. नेमकं त्याच दोन दिवसांत असं वारं सुटलं की गल्लीतले पत्रे वाजायला लागले. कारमध्ये बाराच टक्के चार्जिंग उरलं होतं.

"सोडा की ती पाती," छबूबाई म्हणाली. "बोरीला माझी माय लय थकलीय. कवा बोलावणं यील, काय सांगावं."

"तुला रीतभात काई कळती का?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नाडा सोडला आणि वारा पडला. सकाळी नऊ वाजता छबूबाईच्या भावाचा फोन आला: मायनं अन्नपाणी सोडलंय, तुझंच नाव घ्यायलीय. छबूबाईनं मऊ भाताचा डबा भरला.

"घरातलं वायर लावा. दोन घंट्यात पोचण्यापुरतं भरंल."

समोरच्या ओट्यावर दत्तराव बसला होता. तात्यारावांनी त्याच्याकडं पाहिलं आणि वायरला हात लावला नाही. "थांब, वारं सुटंल."

"मग मी यष्टीनं जाते."

"दारात गाडी असून? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

चाळीस वर्षांची सवय. ती डबा घेऊन कारमध्ये जाऊन बसली. दुपारी दत्तरावालाच राहवलं नाही. "वैनी, फटफटीवर सोडतो मी."

"माझ्या बायकूला न्यायला मी मेलो न्हाई अजून," तात्याराव म्हणाले. साहेबांपुढं जन्मात न उघडलेलं तोंड इथं उघडलं! अशा माणसाची कीव करावी की कानफटात द्यावी?

तीनला फोन आला. छबूबाईनं ऐकला आणि डब्याशेजारी ठेवून दिला.

चारच्या सुमाराला वारं खरंच सुटलं. तात्याराव स्लॅबवरून लगबगीनं खाली आले, काचेतून आकडा बघितला आणि काच वाजवली. "तेरा टक्के झालं बघ. उगं बसून ऱ्हा. घाई करू नको."

"आता कशाची घाई?" छबूबाई म्हणाली. "ती न्हाई आता वाट बघत."

ती उतरली. भाताचा डबा त्यांच्या हातात दिला आणि स्टँडाकडं चालू लागली. गल्लीत कुणी हसलं नाही. वर चक्की जोरात फिरत होती.