पेटीतलं पाया-सूप

माझ्या बाबांचे सगळे दात एकाच हिवाळ्यात गेले, आणि त्यात माझा काही हात नव्हता. त्यानंतर जे झालं त्यात मात्र दोन्ही हात होते.

बाबा जामजवळच्या आमच्या खेड्यात कापसाची शेती करायचे. दात काढायला म्हणून वर्ध्याला माझ्याकडे आले, आई पण सोबत आली. दाताच्या डॉक्टरनं सांगितलं, कवळी दीड महिन्यानंतर, तोवर पातळ जेवा. आता आमचे बाबा म्हणजे रविवारी मटण नसलं तर सोमवारही सुतकात घालवणारा माणूस! विसाव्या दिवशी ते मला म्हणाले, "बाबू, वरण पिऊन पिऊन हालत अशी झाली का आंग पुसलं तं पंचा पिवळा होते." मी हसलो. पण रविवारी शेजारच्या देवरावजींकडं रस्सा उकळायला लागला, की बाबा खिडकीपाशी खुर्ची नेऊन डोळे मिटून बसत, आणि तेव्हा मला खरंच भरून यायचं. ठरवलं, बाबांना पाया-सूप पाजायचंच. बकऱ्याचे पाय, त्यात वाळला हिरवा वटाणा घालून, हाडावरचं मांस विरघळेपर्यंत शिजवलेलं. दात लागायलाच नकोत!

अडचणी दोन होत्या. एक म्हणजे आई माळकरी. गावी बाबांची मटणाची चूल अंगणात असायची; इथं आल्यापासून आमचं स्वयंपाकघर तिचं झालं होतं, आणि तिथं मटण तर सोडाच, मटणाचा विषयही चालत नसे. दुसरी म्हणजे पाया शिजायला पाच तास, आणि घासलेटसाठी रेशनच्या दुकानासमोर रांग एवढी, की पुढच्या माणसाची ओळख होऊन सोयरिकीपर्यंत बोलणं जायचं.

त्याच सुमारास वर्ध्यात एक प्रदर्शन भरलं होतं. तिथं मी ती पेटी पाहिली. लाकडी खोकं, आत गच्च गवत, मधे पातेल्यापुरता खड्डा. सकाळी पातेल्याला उकळी आणायची, पेटीत ठेवून झाकायचं, संध्याकाळी जेवण तयार. ना चूल, ना घासलेट! मी घरी येईपर्यंत शास्त्रज्ञ झालो होतो. (शिक्षण बी.कॉम., तेही दुसऱ्या खेपेला.)

किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं. गवत कुठून आणू? पण घरात बाबांनी आमच्या रजईसाठी आणलेलं कापसाचं गाठोडं होतं, सरकी काढायची बाकी असलेलं. गवतापेक्षा कापूस केव्हाही गरम! मी खोक्यात कापूस कोंबत असताना बाबा आले.

"अबे, काय करून राह्यला? पहिल्या वेच्याचा माल हाय तो! दही-भाताचा निवद दाखवून वेचला!"

"बाबा, पाया शिजवतो यात. तुमच्यासाठी."

 तसे बाबा स्वतःच खाली बसून कोपऱ्यात कापूस दाबू लागले. "इकडं पोकळ राह्यलं, पाह्य," म्हणाले.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात तीन विटा मांडून, होत्या तेवढ्या काटक्यांवर पाया आणि भिजवलेला वटाणा चढवला. अर्धा तास खळखळून उकळी आणली, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्याचं झाकण कणकेनं बंद केलं, पातेलं पेटीत ठेवलं, वर कापूस, वर फळी, फळीवर पाटा. माझी बायको सुमन म्हणाली, "अहो, नक्की शिजते ना? नाही तर वरण टाकून ठेवते."

"वरण?" मी गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो. "आज या घरात वरणाचं नाव काढायचं नाही! सहा वाजेपर्यंत कोणी पेटीला हात लावायचा नाही!" तेवढ्यावर न थांबता कुंपणावरून देवरावजींनाही जेवायचं आमंत्रण दिलं.

बाबा पेटीजवळ खुर्ची टाकून बसले. बारा वाजता हाक आली. "बाबू, वास नाई येऊन राह्यला."

"वास बाहेर आला म्हणजे ऊब बाहेर आली, बाबा."

दोन वाजता पुन्हा. "थंडं लागते बे हे, हात लावून पाह्यलं."

"बाहेरून थंड म्हणजे आतून गरम! हेच तर शास्त्र आहे!" एवढं बोलून शास्त्रज्ञ झोपी गेले.

सहाला देवरावजी स्वतःची वाटी-चमचा घेऊन हजर झाले. आई नाकाला पदर लावून, पण मान पुरती लांब करून, दारात उभी राहिली. मी पाटा उतरवला, फळी काढली, आणि कापसात हात घातला.

कापूस ओलाचिंब! पातेलं थंडगार! झाकण उघडलं तर वर चरबीचा पांढरा थर आणि खाली वटाणा. डाव फिरवला तर गोट्या खेळल्यासारखा आवाज आला. पाया तर पुन्हा बकऱ्याला लावून दिला असता तर चालला असता.

"बाबा, कापूस ओला कसा झाला?"

बाबा कुंपणाकडं पाहू लागले. "म्या पाणी मारलं."

"काऊन?"

"अबे, ओला कापूस आतून तापते! आपल्या कोठ्यातली कडब्याची गंजी एक साल भिजली, तं अशी तापली का हात नाई लावता ये. मनलं, पोराले थोडी मदत करावं."

"किती मारलं?"

"दोन लोटे." मग कान खाजवत, "मंग वासच येईना, तं एक बादली."

"आणि ती गंजी किती दिवसांनी तापली होती?"

"चार-पाच दिवस लागले असन," बाबा म्हणाले. देवरावजींनी चमचा हळूच खिशात घातला. बाबा मात्र पातेल्यात पाहत, बोळकं तोंड नुसतंच हलवत उभे होते. मला स्वतःला कुठं तोंड लपवू असं झालं.

तेव्हा आई पदर खोचून आत गेली आणि स्वयंपाकघरातला स्वतःचा स्टो उचलून अंगणात आणून ठेवला. "घ्या, पेटवा. मले उद्या दुसरा आणून देजो." देवरावजींनीही आपला स्टो आणला. वटाणा एकावर, पाया दुसऱ्यावर. महिन्याचं घासलेट त्या एका रात्रीत संपलं. आई दहा हात लांब बसून नुसत्या वासावर हुकूम सोडत होती. "मीठ कमी हाय त्यात! लसूण जळून राह्यला!" चाळीस वर्षं माळ घातलेल्या बाईला हे कसं कळत होतं, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

रात्री अकराला बाबांनी पहिली वाटी ओठाला लावली. डोळे मिटले. दुसरी वाटी झाली. मग नळी उचलून फुर्रकन ओढली, आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाले, "काही म्हण बाबू, पेटीतलं लय भारी लागते." आम्ही इतके हसलो, की देवरावजींना वटाण्याचा ठसका लागला.

सुमननं मला तो कापूस वाळत घालायला सांगितलं. "उद्या घालतो," मी म्हणालो. हे मी सलग चार दिवस म्हणालो. पाचव्या दिवशी सकाळी बाबांनी मला गदागदा हलवून उठवलं आणि हाताला धरून अंगणात नेलं. पेटीतून बारीक वाफ निघत होती. मी कापसात हात घातला आणि ओरडून बाहेर काढला.

बाबांनी कुंपणावरून देवरावजींना हाक मारली, आणि अर्धी गल्ली गोळा होऊन पाळीपाळीनं आत हात घालून पाहू लागली. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "बाहेरून थंड, आतून गरम! शास्त्र हाय हे!" मग माझ्याकडं वळून प्रेमानं म्हणाले, "तुले घाईच लय होती, बाबू."

त्या हिवाळ्यात आम्ही रजईशिवाय झोपलो. मी कुडकुडलो, की सुमन म्हणायची, "जा, दोन लोटे पाणी मारून घ्या. पाच दिवसांत तापान."