फायनलचा नारळ

मी हॉटेलात शिरलो की बोलणं थांबायचं. पहिल्यांदा म्हटलं, असेल योगायोग. पण उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाला योगायोग पटत नाही. भोर-वेल्ह्याच्या गाडीत तिकीट काढलेला माणूस बिनधास्त घोरतो, न काढलेला नुसते डोळे मिटतो. एवढं ज्याला कळतं, त्याच्यापासून हे तिघं काय लपवणार?

तिघं म्हणजे नसरापूरच्या चौकातल्या हॉटेलचा मालक, भाजीच्या टेम्पोचा ड्रायव्हर आणि आमचे टेलरचाचा. चाचा मूळचे भोरचे, आमच्यात वयानं मोठे. हॉटेलच्या भिंतीवर टीव्ही आहे. टीव्हीवरची कबड्डी लीग सुरू झाली की संध्याकाळी आम्ही चौघं त्याच्यासमोर. आपल्याकडची टीम प्लेऑफमध्ये गेली आणि वादाला नुसता ऊत आला.

"रेडर तगडा पायजे. बचावावर कप येत न्हाई," टेम्पोवाला म्हणायचा.

"रेडर पॉइंट आणतो. कप डाव्या कोपऱ्यातला गडी आणतो," चाचा सुईत दोरा ओवावा तसं हळूच बोलायचे.

मी म्हणायचो, "आधी पंच कोण हाय ते बघा."

झालं! सगळे माझ्यावर तुटून पडायचे. मालक तर कपाळावर हात मारायचा, "मास्तर, तुमी देवाचं तिकीटबी तपासाल!" कंडक्टरला आमच्याकडं मास्तरच म्हणतात. मला त्याचा राग यायचा नाही. भांडायला हक्काची माणसं असली की दिवस बरा जातो. रिटायर झाल्यावर मला दुसरं होतं तरी काय? बायको दिवसभर बोलत नाही आणि बोलली की ऐकवत नाही.

पण त्या वर्षी काहीतरी शिजत होतं. मी पोचलो की मालक म्हणायचा, "लाईट गेली बगा." आणि मागं फ्रीज घूं घूं करत असायचा. कधी म्हणायचे, "मास्तर, जरा भाईर बसा, आत लई गरम हुतंय." थंडीचे दिवस हो, लोक कानाला मफलर बांधून फिरत होते! मॅच रंगात आली की टेम्पोवाला मला बाहेर पिटाळायचा, टेम्पोची ताडपत्री सुटली का बघा म्हणून. मी बाहेर गेलो की आत ओरडा व्हायचा. समोरचे सगळे बाद करून आपल्यांनी लोण चढवला असणार. धावत आत यावं, तर तिघांची तोंडं परत सुतकी.

मला वाटलं, हे पैजा लावतायत. मग वाटलं, छे, हे आतून दुसऱ्या टीमला मिळालेत. चाचांवर तसा संशय घ्यायला मन धजत नव्हतं, पण चाचाही हल्ली माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

सेमीफायनलच्या दिवशी मला विंझरला भाचीच्या साखरपुड्याला जावं लागलं. आपली टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी हॉटेलात गेलो तर माझं स्वागत असं झालं की नवरदेवाचंही होत नाही. चहा आला, न मागता भजी आली. फुकट भजी! तेव्हाच मी ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय.

फायनलच्या आदल्या दिवशी तिघं घरी आले. चाचांच्या हातात नवीन टॉवेल, टोपी आणि वर नारळ. मी म्हटलं, कोणाचं लग्न?

मालकानं घसा खाकरला. "मास्तर, तुमचा सत्कार करायचाय."

"कशाबद्दल?"

मालकानं चाचांकडं बघितलं, चाचांनी नारळाकडं. शेवटी टेम्पोवाल्यानं जमिनीकडं बघत सांगून टाकलं, "तुमी मॅच बगितली की आपण हरतो. लीग चालू झाल्यापास्नं ध्यान ठेवलंय आमी. न्हाई बगितली की जिकतो. उद्याच्याला येऊ नगा. पाया पडतो."

म्हणजे हे होतं! ना पैजा, ना फितुरी. मी पनवती होतो. मला फार लागलं. चाचांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नारळ हातात दिला. "मी स्वतः शिवलीय," एवढंच म्हणाले. आमच्याकडं नारळ हातात घेतला की शब्द दिल्यासारखं असतं. आणि मी तो घेतला. दारात आलेल्या माणसांचा नारळ परत कसा करणार?

बायको आतून कडाडली, "माझ्या नवऱ्याला पनवती म्हंता व्हय? चाळीस वर्सं मी बघतीया रोज, मी मेले का?" तिघं चपला शोधत पळाले.

फायनलच्या संध्याकाळी मी मागच्या खोलीत बसलो. मोबाईल बायकोनंच पुढं सरकवला. "बगा खुशाल. काय हुतंय बगू." आवाज बंद करून मी अख्खी मॅच बघितली. पहिल्या रेडपासून. आपली टीम चांगली पुढं गेली. मग त्यांनी गाठत आणलं आणि मी खरंच मोबाईल उलटा ठेवायला हात उचलला होता. बायकोनं हात धरला. शेवटची रेड त्यांची. त्यांचा रेडर घुसला आणि आपल्या डाव्या कोपऱ्यानं असा घोटा धरला की सोडलाच नाही. जिंकलो!

मी टोपी हवेत उडवली. कप मिळाला याचा आनंद होता, पण खरं सांगतो, त्याच्यापेक्षा मोठा आनंद दुसराच होता. मी बघितली होती आणि जिंकलो होतो. मी पनवती नव्हतो.

तसाच चपला अडकवून हॉटेल गाठलं. मला बघताच तिघं धावले. टेम्पोवाल्यानं तोंडाला गुलाल फासला, मालकानं पेढा कोंबला. चाचांनी मिठी मारली, त्यांचे डोळे भरले होते. "मास्तर, तुमच्यामुळं जिकलो. एवढा त्याग कोण करतं?"

पेढा गिळून मी म्हणालो, "मी सगळी मॅच मोबाईलवर बघितली. घरी. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मला वाटलं, आता हसतील, पाठीवर थाप मारतील, खुर्ची पुढं ओढतील.

टेम्पोवाल्यानं मांडीवर थाप मारली. "तरीच! म्हटलं एवढी लीड हुती, शेवटाला घासत कशी काय आली!"

"आता कळलं," मालक म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, पण जिंकलो ना?"

"वाचलो म्हणा, मास्तर. थोडक्यात वाचलो," टेम्पोवाला म्हणाला.

मी चाचांकडं बघितलं. मला फक्त चाचांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते गुलाल झटकत होते. "पुढच्या टायमाला मोबाईलबी बंद ठेवा, मास्तर," ते इतक्या मायेनं म्हणाले की मला भांडताही येईना.

तेवढ्यात टीव्हीवर शेवटची रेड परत दाखवायला लागले. रेडर मध्यरेषेवर आला आणि तिघांनीही वळून माझ्याकडं बघितलं. मॅच संपली होती, कप आपलाच होता, तरी मी आपणहून बाहेर गेलो आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिलो.