साखळीखालची वाट

विमलताई गेल्या, हे मला ओमानमधल्या इब्रा गावी, दुकानात फोनवर कळलं. माझा चेहरा पाहून अर्बाबने, दुकानाच्या मालकाने, काही न विचारता शटर अर्धं ओढलं. "घरी जा," एवढंच म्हणाला. मस्कतपर्यंतचा सगळा रस्ता माझ्या डोळ्यांसमोर तिथल्या बौशर भागातलं ते मैदान होतं...

विमलताई मस्कतच्या भारतीय शाळेत पीटीच्या मॅडम. माझा फैजान त्यांच्याच हाताखाली कबड्डी शिकला आणि पुढे रत्नागिरीला कॉलेजात गेल्यावर संघाचा मुख्य चढाईपटू झाला. शेवटच्या वर्षी त्याला एका व्यावसायिक संघाच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. कॉलेजचे प्रशिक्षक मात्र मला फोनवर म्हणाले, "पोरगा चपळ आहे, पण चण लहान. वरच्या खेळात मोडून पडेल." इकडे मी त्याच्यासाठी नोकरी बोलून ठेवली होती. काय करावं सुचेना. तो सुट्टीत आला तेव्हा मी ताईंना गाठलं. "तुम्हीच बघा आणि खरं काय ते सांगा. माझं मन राखू नका."

फुफ्फुसांच्या आजाराने तेव्हा त्यांना जिना चढवत नव्हता. तरी शुक्रवारी सकाळी त्या मैदानावर आल्या. आपली कोकणी मंडळी तिथे दर शुक्रवारी खेळतात, त्यांतले सात दणकट गडी त्यांनी फैजानसमोर उभे केले आणि स्वतः खुर्चीत बसल्या. फैजान चढाईला गेला आणि पकडला गेला. पुन्हा गेला, पुन्हा पकडला गेला. कधी घोटा, कधी कंबर. मला बघवेना. मनात म्हटलं, झालं, मिळालं उत्तर.

ताई उठल्या. "फैजान, तू उंच माणसाची चढाई करतोयस. कुणाची बघून उचललीस? तुझी कुठाय?"

"मॅडम, वरून जायला उंची लागते ना..."

"वरून जायला सांगितलंय कुणी?"

पदर खोचून त्या मध्यरेषेवर उभ्या राहिल्या. जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी बाई. गडी एकमेकांकडे बघायला लागले. "पकडा रे नीट! दम तेवढा धरणार नाही, बाकी काही माफ नको." त्या आत गेल्या. दोघांनी हात धरून साखळी आवळली आणि ताई दिसेनाशा झाल्या. साखळीखालून, वाळूला जवळजवळ छाती लावून त्या निघाल्या होत्या. आम्हाला कळलं तेव्हा त्यांचा हात मध्यरेषेवर होता.

ताईंचा श्वास बसायला खूप वेळ लागला. मग मला म्हणाल्या, "शकीलभाई, खरं सांगते. पहिल्यांदा घेणार नाहीत. घेतलं तरी बाकावर बसवतील. गुडघे दुखतील, तुम्ही रडाल. पण साखळी बघून ज्याचे डोळे चमकतात, असा पोरगा मी फार दिवसांनी पाहिला. जाऊ दे त्याला."

तसंच झालं. पहिल्या चाचणीतून तो परत आला. दुसऱ्या वर्षी राखीव म्हणून घेतला आणि बरेच सामने बाकावर राहिला. शेवटी मैदानात उतरला, तो सामना ताईंनी हॉस्पिटलच्या खाटेवर मोबाईलवर पाहिला. मी शेजारी होतो. फैजान वाकला, साखळीखालून सुटला... नाकावरची नळी बाजूला करून ताई म्हणाल्या, "खलास!" आणि इतक्या हसल्या की नर्स धावत आली.

अंत्यविधीनंतर काही दिवसांनी मस्कतमध्येच दार्सैतला त्यांच्या घरी गेलो. हॉलमधलं फर्निचर भिंतींना सरकवलेलं, फरशीवर निळ्या चिकटपट्टीने आखलेलं छोटं मैदान. व्हिडिओ कॉलवर फैजानला पाय कसा टाकायचा, हे त्या तिथे उभ्या राहून दाखवायच्या. मला हे ठाऊकच नव्हतं. ताईंचे यजमान मधुकरराव चहा घेऊन आले ते भिंतीला धरून, लांबून. उभ्या आयुष्यात कबड्डी न खेळलेला माणूस. कप घ्यायला मी सरळ पुढे झालो, तसे ते घाईने म्हणाले,

"तिकडून नको... रेषेवर पाय पडेल. ती बाद देईल तुम्हाला."