सावळारामतात्यांची तुरट मर्लो

तात्यांची बाटली मीच बर्फात पुरली. साहेबांच्या जेवणाला भिगवणहून मासे आले होते, खोक्यात बर्फ बख्खळ, आणि पाहुण्याला प्यायचं ते गार द्यावं एवढी अक्कल बारामतीच्या शाळेनं मला दिलेली. खाली चिलापी, वर मर्लो.

इंदापूर रस्त्यावरच्या त्या वाइनच्या कारखान्यात मी तेव्हा गोदाम सांभाळायचो. सावळारामतात्या कऱ्हाटीचे. वाडवडिलांनी मेंढरं राखली. यांनी ती विकून डोंगराच्या उतारावर, बाभळसुद्धा रडत वाढते अशा खडकात, कारखान्यानं दिलेली मर्लोची, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाची, परदेशी रोपं लावली. माणूस गोड आहे, असं त्यांच्याविषयी कऱ्हाटीत कोणी म्हणत नाही. मीही म्हणणार नाही.

त्र्याण्णवच्या मालाची वाइन तीन वर्षं पडून होती. त्या दिवशी ती पसंत पडली तर डोंगरावरचा माल कारखाना घेत राहणार, नाहीतर वेली उपटायच्या, असं ठरलेलं. चाखायला कारखान्याचे वाइन पारखणारे इंद्रजितसाहेब आले. एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड कडू औषध पाजलेल्या पोरासारखं झालं.

"तात्या, ही वाइन आहे का बाभळीच्या सालीचा काढा?"

तात्यांनी पेला हातात घेतला. गारठा लागला तसे ते बाटलीकडं वळले. काचेला खवलं चिकटलं होतं.

"कुणी केलं ह्ये?"

"मी. गार बरी लागंल म्हणून..."

"तुज्या बापाला पाज गार! गारठली की लाल वाइन निस्ती तुरट लागती. गोदामात ऱ्हातो का गोठ्यात?"

साहेब उठले. तात्या बाहेर जाऊन त्यांच्या जीपच्या पुढच्या चाकाला टेकून बसले, पेला दोन्ही तळव्यांत धरून. "ऊब येईस्तवर गाडी हलायची न्हाय. हलवायची तर माज्यावरनं हलवा."

साहेबांनी नाइलाजानं मासे खाल्ले. मग परत आले, पेला हुंगला, घोट घेतला. या खेपेला त्यांनी तो तोंडात बराच वेळ घोळवला.

"जांभूळ," ते म्हणाले. "मागून मिरं. तापल्या दगडावर पाणी मारल्यावर सुटतो तसा वास. पण तुरटपणा आहेच."

"असणारच. मणी करवंदायेवढं, साल जाड. वर पाणी कुठं हाय? ही थांबून प्यायची हाय."

"मला कळतं ते. दहा वर्षं ठेवली तर मखमल होईल. लासुर्ण्याची मर्लो काळ्या रानातली, कालव्याच्या पाण्यावरची. भरली की लगेच मऊ, पण दोन-तीन वर्षांत मरते."

"मंग झालं की! माजी जगती."

"तेच नडतंय, तात्या. मालकाला पुढच्या दिवाळीत विकायची आहे. दहा वर्षं बाटल्या झोपवून ठेवायला जागा कुणाकडं आहे? वेली काढा."

मला वाटलं, तात्या आता पेला फेकणार. फेकला नाही. उठले, धोतर झटकलं.

"मालकाला म्हणावं, उसाचा रस विक. सकाळी काढायचा, सकाळीच संपवायचा. माज्या वेलीला हात लावाल तर कोयता घिऊन येईन."

"आम्ही कशाला हात लावू? माल घेणार नाही, एवढंच. आणि उरलेल्या बाटल्या घेऊन जा."

जीप गेली. तात्यांनी बाटल्या घोंगडीत गुंडाळल्या. पेल्यात तळाशी थोडी उरली होती. आपण काय नासवलं ते तरी कळावं म्हणून मी मागितली.

"फुकट न्हाय. छाटणीला एक दिवस यायचं."

"व्हय, येतो," म्हटलं आणि प्यालो. जिभेला अस्तर चढलं, पण मागून खरंच जांभूळ आलं.

बाटल्या त्यांनी घरामागच्या पेवात, पूर्वी धान्य साठवायच्या खड्ड्यात, उतरवल्या. त्यांच्या बायको कुशाकाकू महिनाभर बोलल्या नाहीत, बोलल्या तेव्हा एवढंच, "माज्या सासूनं तितं जवारी ठिवली, तुमी दारू पुरा."

वेली मात्र उभ्या आहेत. माल कोणी घेत नाही, म्हणून छाटायला माणूस मिळत नाही. तात्या एकटेच कात्री घेऊन उतारावर दिसतात. परवा दूधवाल्याकडून निरोप आला, "त्या फुकट्याला म्हणावं, छाटायच्या आजून चार वळी राहिल्यात."

मी ताप आल्याचं कळवलं. दिवस अजून दिलेला नाही.